‘हार्मोनची गोळी’ म्हणून दिलेली गोळी गर्भनिरोधक होती, हे आम्हाला कोणी सांगितले नाही

सुदामानगरची आई

नमस्कार मंडळी. हा विषय चारचौघांत काढण्याचा नाही असे आमच्या घरात अजूनही मानले जाते, तरीही तो इथे लिहीत आहे, कारण गेल्या दोन महिन्यांत मला जे कळले ते मला आधीच कळायला हवे होते.

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि नोकरी करते. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबत असे. इंदुरातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पीसीओएस (अंडाशयात बीज नियमितपणे न पिकण्याचा विकार) असल्याचे सांगण्यात आले आणि गोळ्यांचे पाकीट लिहून मिळाले. त्या वेळी जे बोलणे झाले ते एवढेच : “हार्मोन की गोली है, इक्कीस दिन रोज़ खाना है, सब रेगुलर हो जाएगा.” मी शेजारीच बसले होते आणि मलाही ते पुरेसे वाटले. घरी आल्यावर मुलीने पाकिटातली घडी केलेली इंग्रजी चिठ्ठी उलगडली, भिंग घेऊन वाचली आणि म्हणाली, “आई, ही तर संततिनियमनाची गोळी आहे.”

मला राग आला हे मी लपवत नाही, आणि आधी तो चुकीच्या गोष्टीचा आला. लग्न न झालेल्या मुलीला ही गोळी दिलीच कशी, असे मला वाटले. मुलगी मात्र पुढे वाचत होती. ज्यांना अर्धशिशी आहे आणि डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या रेषा दिसतात त्यांनी ही गोळी घेऊ नये, असे त्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते. माझ्या मुलीला अकरावीपासून नेमके तेच होते. अर्धा तास नागमोडी, चमचमणारी रेघ दिसत राहते आणि मग डोके फुटायला लागते. दवाखान्यात हे तिला कोणी विचारले नाही. आणि पाळीच्या गोळीचा डोकेदुखीशी काही संबंध असेल हे आम्हाला ठाऊकच नव्हते, त्यामुळे आम्हीही सांगितले नाही.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, गोळी बदलली आणि मुलगी आता बरी आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. मला विचारायचे आहे ते असे : ही गोळी शरीरात नेमके काय करते, ती पाळी खरोखर ‘नियमित’ करते का, आणि ती देण्याआधी रुग्णाला काय विचारले आणि काय सांगितले गेले पाहिजे? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आपल्यापैकी बहुतेकींना डॉक्टर हिंदीत सांगतात, चिठ्ठी इंग्रजीत असते, आणि घरी येऊन विचार मात्र आपण मराठीत करतो.

प्रसूतिकक्ष

काकू, मी इंदुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करते. तुमच्या मुलीला दिलेली गोळी पीसीओएससाठी नेहमी दिली जाणारीच आहे, तेव्हा औषधाची निवड मुळातून चुकली असे म्हणता येणार नाही. चूक आहे ती न विचारण्यात आणि न सांगण्यात, आणि ती लहान चूक नाही.

आधी कार्य समजून घेऊ. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक म्हणजे हार्मोन सुटते आणि त्याच्या जोरावर अंडाशयात एक बीज पिकू लागते. पिकणाऱ्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. ते एका मर्यादेपलीकडे वाढले की पीयूषिकेतून दुसऱ्या संप्रेरकाची एक मोठी लाट येते आणि त्या लाटेने बीज अंडाशयातून बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते, गर्भाशयाचे अस्तर तयार होते, आणि दिवस राहिले नाहीत तर दोन्ही संप्रेरके उतरतात व अस्तर गळून पडते, तीच पाळी. संयुक्त गोळीत कृत्रिम इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन म्हणजे प्रोजेस्टिन, अशी दोन्ही असतात. ती रोज बाहेरून मिळू लागली की पीयूषिकेला वाटते, अंडाशयाचे काम चालू आहे, आता आणखी हुकूम सोडण्याची गरज नाही. त्यामुळे बीज पिकत नाही, ती लाट येत नाही आणि बीज बाहेर पडत नाही. हे मुख्य काम. त्याखेरीज प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना वर सरकता येत नाही, आणि गर्भाशयाचे अस्तरही पातळ राहते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोळी पाळी नियमित करते, हे वाक्य आम्ही डॉक्टर दिवसातून दहा वेळा बोलतो आणि ते काटेकोरपणे पाहिले तर खरे नाही. एकवीस दिवसांनंतर गोळी थांबली की बाहेरून येणारी संप्रेरके एकदम उतरतात आणि अस्तर गळते. तो रक्तस्राव गोळी थांबल्याचा आहे, बीज सुटून आलेल्या पाळीचा नाही. म्हणून गोळ्या बंद केल्यावर पीसीओएस असलेल्या मुलीची पाळी बहुधा पूर्वीसारखीच लांबू लागते आणि घरातले म्हणतात की औषध लागू पडले नाही. औषधाने आपले काम केलेले असते. अस्तर महिनोन्महिने साचून जाड होऊ न देणे आणि शरीरातल्या पुरुषी संप्रेरकाचा मोकळा अंश कमी करून मुरुमे व चेहऱ्यावरचे केस आटोक्यात ठेवणे, ही ती कामे होत. हे आधी सांगितले तर रुग्णाचा भ्रमनिरास होत नाही.

देण्याआधी काय विचारावे? रक्तदाब मोजावाच, त्याला दोन मिनिटे लागतात. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तरुणपणी झाली होती का, अर्धशिशी आहे का आणि असल्यास डोळ्यांपुढे काही दिसते का, कावीळ किंवा यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, नुकतेच बाळंतपण, पस्तिशीनंतर धूम्रपान, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत. डोळ्यांपुढे रेषा येणारी अर्धशिशी असेल तर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा मुळातच थोडा असलेला धोका इस्ट्रोजेनने वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रता निकषांत अशा स्त्रीला संयुक्त गोळी कोणत्याही वयात देऊ नये असे म्हटले आहे. इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिनची गोळी तिला चालते. बहुधा तुमच्या मुलीला आता तीच दिली असावी.

अविवाहित मुलींच्या बाबतीत अनेक डॉक्टर ‘गर्भनिरोधक’ हा शब्द मुद्दाम टाळतात, हे मला माहीत आहे. कारण सोबत आलेली आई तो ऐकून पाकीट परत करील आणि मुलीचा उपचार राहून जाईल, अशी भीती असते. मीही पूर्वी असे केले आहे. आता करत नाही.

सुदामानगरची आई

डॉक्टर, आपण मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. होय, तीच गोळी दिली आहे. आणि आपण म्हणता ती आई मीच आहे, कदाचित मी त्या दिवशी पाकीट परतही केले असते. पण नाव लपवल्यामुळे माझी मुलगी डोकेदुखीबद्दल बोलली नाही, हे त्यातून झालेले नुकसान आहे. नाव कळले असते तर तिने तिथेच मोबाइलवर वाचले असते.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, लोकमान्यनगर

मी सरकारी सेवेत तीस वर्षे काढली, त्यातली बरीच निमाडच्या बाजूला. थोडे वेगळे मत मांडतो, ते रागाने घेऊ नये.

बाह्यरुग्ण विभागात सकाळी ऐंशी बायका बसलेल्या असतात. प्रत्येकीला गुठळी, पक्षाघात, कर्करोग असे शब्द ऐकवले तर ती गोळी घेणार नाही, आणि न घेतल्याचा परिणाम म्हणजे नको असलेले बाळंतपण, जे तिच्या जिवाला गोळीपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते. हे केवळ माझे मत नाही. ब्रिटनमध्ये १९९५ च्या ऑक्टोबरात तिथल्या औषध सुरक्षा समितीने जाहीर केले की नव्या प्रकारच्या प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बातमी वाचून असंख्य स्त्रियांनी पाकीट अर्ध्यात टाकून दिले. पुढच्या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. त्या समितीने खरे तेच सांगितले होते. खरे सांगूनही हानी झाली, याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रसूतिकक्ष

सर, उदाहरण अचूक आहे, पण मला त्यातून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. ‘दुप्पट’ म्हणजे किती, ते पाहा. जुन्या गोळीवर साधारण सात हजार स्त्रियांमागे एकीला गुठळी होत असे, नव्या गोळीवर सात हजारांमागे दोघींना. हे सात हजारांतले एक आणि दोन असे सांगितले असते तर कोणीही घाबरून पाकीट फेकले नसते. सांगितले म्हणून नुकसान झाले नाही. आधाराचा आकडा न देता नुसते प्रमाण सांगितले, म्हणून झाले.

मी रुग्णांना असे सांगते : गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना रक्तवाहिनीत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे जुने प्रोजेस्टिन असलेली गोळी घेणाऱ्या दहा हजारांत पाच ते सात जणींना होते, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन ही नवी प्रोजेस्टिन असलेली घेणाऱ्यांत नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात हा धोका त्याहूनही अधिक असतो आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो. एवढे ऐकून घाबरलेली रुग्ण मला फारशी भेटलेली नाही. त्यासोबत मी हेही सांगते की एकाच पोटरीत अचानक दुखणे आणि सूज, छातीत कळ किंवा धाप, पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, एकाएकी अंधुक दिसणे, यांपैकी काही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि तिथे गोळी चालू असल्याचे आपणहून सांगायचे. गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे विशेष ध्यानात ठेवायचे. स्त्रीला हे सांगितलेले नसेल तर ती पोटरीला बाम चोळत बसते.

चांगल्या बाजूचेही सांगणे राहू नये. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो आणि तो लाभ गोळी थांबल्यावरही बरीच वर्षे टिकतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो. दोन्ही वाक्ये एकत्र सांगावीत, निवडून एकच सांगू नये.

जुनी परिचारिका

मी एएनएम म्हणजे साहाय्यक परिचारिका म्हणून इंदूर जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर नोकरी केली. आता नातवंडांत रमले आहे, पण हा धागा वाचून राहवले नाही.

डॉक्टरांनी गोळीचे कार्य लिहिले आहे, त्यावरून मला एक बाई आठवली. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. आम्ही तिला माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीचे पाकीट दिले, रोज एक गोळी घे असे सांगितले, तिनेही मान हलवली. चार महिन्यांनी ती आली ती दिवस गेलेल्या अवस्थेत. विचारल्यावर कळले की ती शनिवारी, नवरा यायच्या दिवशीच गोळी घेत असे. बाकीच्या दिवशी कशाला घ्यायची, असा तिचा साधा प्रश्न होता आणि तिच्या बाजूने पाहिले तर तो बरोबरच होता. गोळी त्या रात्रीपुरते काम करते, असे तिने धरले होते. गोळी अंडाशयाला झोपवते आणि रोज थोपटल्याशिवाय ते झोपलेले राहत नाही, हे मी तिला सांगितलेच नव्हते. त्यानंतर मी प्रत्येकीला याच शब्दांत सांगू लागले आणि मग ‘रोज’ या शब्दाला त्यांच्या मनात कारण मिळाले.

माला-एनच्या पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या असतात आणि सात तपकिरी. तपकिरी गोळ्या लोहाच्या आहेत. त्या चुकल्या तर गर्भ राहण्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही, पण त्या टाकून देणारी बाई दिवस मोजायला विसरते आणि पुढचे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करते. सर्वांत धोक्याची चूक हीच. सात दिवस गोळीविना गेलेले असतातच, त्यात आणखी दोन-तीन दिवस वाढले की अंडाशय जागे होते. पाकिटाच्या मधल्या एखाद्या गोळीचा विसर पडला तर तेवढे बिघडत नाही. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. दोन किंवा अधिक राहिल्या तर शेवटची राहिलेली तेवढी घ्यावी, पुढे रोजच्याप्रमाणे चालू ठेवावे आणि सात दिवस निरोध वापरावा. या गोळ्या पाकिटाच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर तपकिरी गोळ्या सोडून सरळ नवे पाकीट सुरू करावे. पहिल्याच आठवड्यात राहिल्या असतील आणि संबंध आला असेल तर आणीबाणीच्या गोळीचा विचार करावा लागतो.

पहिल्या तीन महिन्यांत मधूनच डाग दिसणे, मळमळणे, छाती जड वाटणे हे अनेकींना होते आणि बहुधा आपोआप थांबते. हे आधी सांगितलेले नसेल तर बाई डागाला घाबरून गोळी सोडते. रात्री जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते, हा आमचा नेहमीचा सल्ला असे.

दवाबाजार

औषधाच्या दुकानात माझी उमर गेली आहे, म्हणून आमच्या बाजूचे लिहितो.

सर्वांत मोठा गोंधळ तीन वेगवेगळ्या गोळ्यांना एकच समजण्याचा आहे. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, संबंधानंतर घ्यायची आणीबाणीची गोळी आणि गर्भपाताची औषधे, या तिन्हींना गिऱ्हाईक ‘बच्चा न होने की गोली’ म्हणते. आणीबाणीच्या गोळीत दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली. ती बीज सुटणे लांबणीवर टाकते. बीज सुटून गेले असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि गर्भ राहिलेलाच असेल तर ती तो पाडत नाही. गर्भपाताची औषधे म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असतात. माझ्याकडे आणीबाणीची गोळी घ्यायला येणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष असतात, घाईत असतात आणि काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात. तरी मी एक वाक्य सांगतोच, की पुढची पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर तपासणी करून घ्या, आणि दर वेळी हीच गोळी वापरू नका, रोजच्या गोळीपेक्षा ही जास्त वेळा चुकते.

पलासिया

औषधांचा विषय निघाला आहे म्हणून. माझ्या पत्नीला क्षयाचे उपचार सुरू झाले तेव्हा ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. दोन्ही औषधे एकमेकांना बाधतात हे आम्हाला पाचव्या महिन्यात, तेही योगायोगाने एका परिचित डॉक्टरांशी बोलताना कळले. सुदैवाने काही झाले नव्हते. याविषयी कोणी लिहील का?

प्रसूतिकक्ष

दादा, आपले म्हणणे बरोबर आहे आणि आपल्या देशात हा मुद्दा पहिल्या पानावर असायला हवा. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन यकृताला असे कामाला लावते की गोळीतली संप्रेरके नेहमीपेक्षा फार लवकर मोडून बाहेर टाकली जातात आणि गोळी घेऊनही बीज सुटू शकते. उपचार चालू असेपर्यंत आणि ते संपल्यानंतरही साधारण महिनाभर दुसरे साधन वापरावे, तांबी (कॉपर-टी) बसवणे उत्तम. अपस्माराच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांचेही तसेच आहे. मात्र घसा किंवा दातासाठी घेतलेल्या अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी गोळीचा परिणाम कमी होतो, हा समज बरोबर नाही. त्या औषधाने उलट्या-जुलाब झाले तर मात्र गोळी अंगी लागत नाही.

नारायणबाग

एक शंका विचारते. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी जावा-नणंदा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात, मीही दरवर्षी घेते. त्याही याच का?

प्रसूतिकक्ष

त्या नॉरएथिस्टेरोनच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घेतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्यांचे तत्त्व तेच आहे, प्रोजेस्टिन चालू असेपर्यंत अस्तर गळत नाही. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे अशा प्रकारे घेतल्याने गर्भधारणा टळेल असे धरू नये. दुसरी म्हणजे या मोठ्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून ज्यांना गुठळीचा धोका आहे किंवा अर्धशिशीत रेषा दिसतात त्यांनी तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. जाऊबाईंच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तर घेऊच नयेत. सणाच्या गडबडीत हेच सर्वांत जास्त होते.

वाचनवेडा

रुग्णाला काय सांगायचे हा वाद या गोळीच्या जन्माइतकाच जुना आहे, म्हणून थोडा इतिहास लिहितो. विषयांतर वाटू नये.

पिंकस आणि रॉक या अमेरिकी संशोधकांनी बनवलेल्या गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत सुरू झाली. हे औषध अजून प्रयोगात आहे हे त्या गरीब स्त्रियांना नीट सांगितले गेले नव्हते. तिथे काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवले की सतरा टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होत आहे आणि एवढा त्रास स्वीकारता येण्याजोगा नाही. ते म्हणणे फारसे मनावर घेतले गेले नाही. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. तेव्हाच्या गोळीत संप्रेरकांची मात्रा आजच्या कितीतरी पट होती. पुढे गुठळ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९७० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. त्या सुनावणीत गोळी घेणारी एकही स्त्री साक्षीला बोलावलेली नव्हती. श्रोत्यांमध्ये बसलेल्या तरुणींनी उभे राहून, आमच्या शरीराबद्दल आम्हाला का विचारले जात नाही, असा सवाल केला. त्यानंतरच पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणे आले. सुदामानगरच्या काकूंच्या मुलीने भिंगाने वाचलेल्या चिठ्ठीचा उगम तो आहे.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा गोळी अस्तित्वातही नव्हती. लोकांना माहिती दिल्याबद्दल त्यांना नोकरी गमवावी लागली, खटले झेलावे लागले. ही माहिती सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत देता येते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, लोकमान्यनगर

प्रसूतिकक्ष यांचा आकड्यांचा मुद्दा मला पटला. आमच्या काळात आकडे आमच्याच हाती नसत, ही सबब नाही, वस्तुस्थिती आहे. एक आकडा मीही देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, साधन वापरणाऱ्या स्त्रियांना त्याच्या दुष्परिणामांबद्दल कधी सांगितले गेले का, असे विचारतात. २०१५-१६ च्या पाहणीत सुमारे ४७ टक्के स्त्रियांनी होय म्हटले, २०१९-२१ मध्ये सुमारे ६२ टक्के. सुधारणा आहे. पण तिघींपैकी एकीला अजूनही कोणी काही सांगितलेले नाही, आणि ‘सांगितले’ म्हणजे काय सांगितले हे त्या आकड्यातून कळत नाही. ऐंशी रुग्णांचा प्रश्न मात्र उरतोच. डॉक्टरला वेळ नसेल तर परिचारिकेने बोलावे आणि मराठी-हिंदीतला एक कागद हातात द्यावा, हे मी आता मान्य करतो.

सुदामानगरची आई

आपण सर्वांनी जे लिहिलेत त्यातून मी एक पानभर मजकूर साध्या मराठीत उतरवून काढला आहे. डॉक्टर, आपण तो एकदा तपासून द्याल का? रामबागेतल्या आमच्या महिला मंडळात पुढच्या बैठकीला तो वाचावा असे मनात आहे. मुलीने त्यात सर्वांत वर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, ‘डोळ्यांपुढे रेषा दिसतात का?’

नवीन सभासद

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे बाळ तीन महिन्यांचे आहे, अंगावर पिते, अधूनमधून वरचे दूधही देते. पाळी अजून आली नाही. सासूबाई म्हणतात, पाजते आहेस तोवर दिवस राहत नाहीत. हे खरे आहे का? आणि मला कोणती गोळी चालेल?

जुनी परिचारिका

बाळा, सासूबाईंचे म्हणणे तीन अटींवर खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, पाळी परत आलेली नको आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचेच दूध हवे. तुझी तिसरी अट मोडली आहे, तेव्हा त्यावर विसंबू नकोस. पाळीची वाट पाहणेही उपयोगाचे नाही, कारण बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते.

इस्ट्रोजेन असलेली गोळी, म्हणजे माला-एनसारखी, पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत देत नाहीत. फक्त प्रोजेस्टिनची गोळी चालते, तांबी चालते, आणि सरकारी केंद्रात ‘छाया’ नावाची गोळी फुकट मिळते. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आहे, तिच्यात संप्रेरक नाही आणि दुधावर परिणाम होत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची. तिने पाळी लांबते, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरायला नको. पीसीओएस असेल किंवा अलीकडे कावीळ झाली असेल तर मात्र ती देत नाहीत, म्हणून जाशील तेव्हा हे दोन्ही तूच आधी सांग, त्यांनी विचारायची वाट पाहू नकोस. दिवस राहिले नाहीत ना, याची खात्री ते आधी करतील. तोवर निरोध वापरा.